दहा पाण्यांचा सिद्रामप्पा

उदगीरच्या चौबाऱ्यामागच्या गल्लीत सिद्रामप्पाएवढा स्वच्छ माणूस दुसरा नव्हता, आणि गल्लीनं ही गोष्ट कधी स्तुती म्हणून सांगितली नाही. कुणाकडे चहाला गेला की आधी कपाचा कान बघायचा, मग यजमानाचं तोंड. पंगतीत बसला की पत्रावळ पाठपोट पुसायचा, तीही घरून आणलेल्या फडक्यानं. सकाळची आंघोळ, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, मग कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, फूटपट्टी लावून ओढल्यासारख्या. समोरचा मडिवाळप्पा शिंपी म्हणायचा, "आप्पाचं कपाळ बघून मी कापडावर खडू मारतो."

विरूपाक्ष डॉक्टरांच्या लॅबमध्ये त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. रक्त, लघवी, थुंकी, जगातलं जे जे काही दुसरा माणूस नाक दाबून लांब धरील, ते सगळं हा माणूस प्रेमानं हाताळायचा. अट एकच, भांडं स्वच्छ पाहिजे. हे वेड त्याला नांदेडला लागलं. तिथं शिकत असताना हणमंतराव नावाचे एक म्हातारे लॅब सांभाळायचे. ते म्हणायचे, "काच डोळ्याला चकचकीत दिसली म्हणजे साफ झाली असं न्हाई. आधी क्रोमिकात बुडव, मग दहा पाणी दे. नऊवर थांबलास तरी माझ्या लेखी ती काच उष्टी."

क्रोमिक म्हणजे क्रोमिक ॲसिड. नारंगी-तांबडं, जहाल. काचेवरचं रक्त, चरबी, बोटांचे ठसे, सगळं खाऊन टाकणारं. पुढं बाजारात एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या, पावडरी आल्या, सगळ्या लॅबांनी क्रोमिक टाकून दिलं. सिद्रामप्पानं मात्र कोपऱ्यातली ती बरणी सोडली नाही. विरूपाक्ष डॉक्टर म्हणाले, "आप्पा, आता कोण वापरतं हे?" तर हा म्हणाला, "साहेब, आता कोण धुतं तरी?" डॉक्टरांनी बरणी राहू दिली. एकोणतीस वर्षांत लॅबचा एक रिपोर्ट खोटा निघाला नव्हता, आणि ते कुणामुळे हे त्यांना ठाऊक होतं.

दोन घरं सोडून शिवम्मा राहायची. विधवा, साठीला टेकलेली, हाताला गोड अन् जिभेला तिखट. ज्वारीच्या कडक भाकरी करून विकायची. पापडासारख्या पातळ, वरून तीळ, महिनाभर टिकणाऱ्या. आठ वर्षांपूर्वी तिचा खुबा मोडला होता, मोठ्या दवाखान्यात तिथं धातूचा गोळा बसवून दिला. तेव्हापासून खाली बसणं बंद. बाईनं काय करावं? गवंडी बोलावून चूलच कमरेएवढी उंच करून घेतली आणि उभ्यानं भाकरी थापायला लागली. गल्लीत कुणाला गजर लावावा लागत नसे. पहाटे शिवम्माची थप-थप सुरू झाली की सिद्रामप्पा पूजेला बसायचा. तिला तो अक्का म्हणायचा, ती त्याला आप्पा.

मग दोन हजार सोळाचा उन्हाळा आला. लातूरला आगगाडीनं पाणी आणायची वेळ आली, अन् उदगीरच्या गल्ल्यांतून टँकरच्या वाटेकडे डोळे लागले. बोअर आटले, विहिरीच्या तळाशी उतरून लोक वाटीनं पाणी भरत होते. अशा दिवसांत सिद्रामप्पा घरातल्या दोन घागरी उचलून लॅबला निघायचा. मागून पार्वतम्मा, त्याची बायको, ओरडायची, "साकु! साकु म्हणते न्हवं! एक तरी ठेवा!" घरात कन्नड जास्त चालायची, आणि 'पुरे' या अर्थाचा हा एक शब्द त्या उन्हाळ्यात तिच्या तोंडी इतका बसला की देवाला नैवेद्य दाखवतानाही तोच निघाला म्हणतात.

एक दिवस टँकरच्या रांगेत सगळी गल्ली उभी होती. सिद्रामप्पा घागरी घेऊन समोरून चालला. शिवम्मानं ओट्यावरून हाक मारली.

"आप्पा, कुणीकडं निघाली वरात?"

"लॅबला, अक्का. नळ्या धुवायच्यात."

"माणसं आठ-आठ दिवस अंगाला पाणी लावंनात, अन् तुमच्या नळ्यांना रोज दहा-दहा आंघोळी! नवऱ्या हायेत का त्या? कुणाला दाखवायला नेऊन राहिलाव?"

रांग खदखदली. मडिवाळप्पा तर बादलीवरच बसला हसत. सिद्रामप्पाही हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बायकोचं ओरडणं त्यानं तीन महिने मनावर घेतलं नव्हतं. शेजारणीचा एक टोमणा मात्र आत जाऊन बसला. त्या दिवसापासून दहाची तीन पाणी झाली. तीही अर्ध्या-अर्ध्या वाटीची. साखर, युरिया, हिमोग्लोबिन, कशातच काही फरक पडला नाही. रिपोर्ट बरोबर येत राहिले. नांदेडच्या म्हाताऱ्या हणमंतरावांची त्यानं मनातल्या मनात माफी मागितली आणि पाणी घरी राहायला लागलं.

त्याच दिवसांत गावात दुसरीही एक हवा होती. उदगीर जिल्हा होणार! चहाच्या टपरीवर, कटिंगच्या दुकानात, मयतीला गेलं तरी तीच चर्चा. विरूपाक्ष डॉक्टरांनी तर लॅबचा नवा बोर्ड रंगवून घेतला. मधे चार बोटं जागा मोकळी सोडली, जिल्हा जाहीर झाला की तिथं 'जिल्ह्यातील पहिली' असं भरायला. पेंटरनं विचारलं, "साहेब, न्हाईच झाला तर?" डॉक्टर म्हणाले, "तर फूल काढ तिथं." पण जिल्ह्याची लॅब म्हणजे मोठ्या टेस्टा हव्यात. म्हणून त्यांनी मुंबईच्या एका लॅबशी बोलणी केली. इथं होत नाहीत ते नमुने इथून घ्यायचे, कुरिअरनं पाठवायचे. आणि पहिलाच नमुना निघाला तो शिवम्माचा.

तिचा खुबा महिनाभर ठणकत होता. जांघेत सूज, पाऊल टाकलं की कळ. नांदेडचे एक हाडांचे डॉक्टर दर गुरुवारी उदगीरला यायचे. त्यांनी सोनोग्राफी करून सांगितलं की सांध्यात पाणी झालंय.

"घ्या," शिवम्मा म्हणाली. "साऱ्या गावात टिपूस न्हाई, अन् माझ्या खुब्यात झरा फुटला. टँकरवाल्याला कळवा."

डॉक्टर हसले, पण मग समजावून सांगितलं. अशा गोळ्यांतले काही घासतात. घासले की धातूचा बारीक बारीक कण त्या पाण्यात उतरतो. डोळ्याला दिसत नाही, एवढा बारीक. हंडाभर पाण्यात मिठाची एक कणी पडावी, तेवढं मोजायचं. कोबाल्ट आणि क्रोमियम ही दोन नावं. जास्त निघाले तर गोळा बदलावा लागेल, नांदेडला, मोठं ऑपरेशन. कमी निघाले तर औषध, आराम, शेक.

"म्हणजे माझी चूल त्या पाण्यावर हाय म्हणा," शिवम्मा म्हणाली.

डॉक्टरांनी सुईनं दोन-अडीच चमचे पिवळसर पाणी काढलं आणि ते भरून पाठवायचं काम सिद्रामप्पाकडे आलं.

मुंबईहून त्यासाठी खास नळी आली होती. निळ्या बुचाची, धातूचा अंश नसलेली. सोबत इंग्रजी कागद: नळी धुऊ नये, दुसऱ्या भांड्यात नमुना घेऊ नये. सिद्रामप्पानं तो कागद दोनदा वाचला. त्याला इंग्रजी समजत नव्हतं असं नाही. पण नळीचं पाकीट कुरिअरच्या पिशवीत उन्हानं एका कडेला उकललं होतं, आणि आत, बुचाच्या कडेला, एक धुळीचा कण होता. निदान त्याला तरी तो दिसला. उकललेल्या पाकिटातली नळी म्हणजे त्याच्या लेखी बाजारात हाताळलेलं फळ. कागदावरच्या सूचना, त्यानं ठरवलं, ज्यांना धुता येत नाही त्यांच्यासाठी आहेत.

शिवम्मा अक्काचा नमुना होता. चूक होऊन चालणार नव्हतं. म्हणून त्यानं कपाटातली आपली सगळ्यात जुनी, जाड काचेची, हणमंतरावांनी निरोपाच्या वेळी दिलेली नळी काढली. ती दिवसभर क्रोमिकात बुडवून ठेवली. दुसऱ्या दिवशी तीन पाणी दिली. तिसऱ्यानंतर हात क्षणभर थांबला. चौथं द्यावं का? समोर घागरीत चार बोटं पाणी होतं आणि कानात टँकरची रांग खदखदत होती. त्यानं नळी वाळवली, फ्रिजमध्ये ठेवलेल्या सिरिंजमधलं सांध्यातलं पाणी तीत भरलं, बूच लावलं, वरून मेण फिरवलं आणि पाठवून दिलं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. क्रोमियम दोनशे सत्तर. कोबाल्ट चार.

विरूपाक्ष डॉक्टरांनी तो वाचून सुस्कारा सोडला, "वाईट झालं बिचारीचं. पण बघा आप्पा, आपल्या लॅबनं पकडलं!" आणि नांदेडला फोन लावायला आत गेले.

सिद्रामप्पा कागद हातात घेऊन उभा राहिला. शिवम्माच्या गोळ्याच्या जुन्या कागदावर जे लिहिलं होतं त्यात कोबाल्ट दोन वाटे होतं, क्रोमियम एक वाटा. गोळा घासला तर दोन्ही वाढायला हवेत. मग नुसतं क्रोमियमच का? रिपोर्टच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: नमुना आमच्या नळीत मिळाला नाही. त्यानं ती वाचली आणि मान वळवली. कोपऱ्यात बरणी होती. नारंगी-तांबडी. क्रोमिक! एकोणतीस वर्षं ज्या नावानं तो तिला हाक मारत होता, ते नाव त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा ऐकलं. क्रोमियमचंच ॲसिड. दहा पाण्यांनीसुद्धा काचेला थोडं धरून राहणारं. आणि त्यानं तीनच दिली होती.

तो डॉक्टरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेला.

"साहेब, परत एकदा नमुना पाठवावा काय?"

डॉक्टरांनी फोनवर हात ठेवला. "का? काही गडबड?"

"न्हाई… असंच. खात्री म्हणून."

"तुमच्या हातचं आणि खात्री?" डॉक्टर हसले. "नांदेडचे साहेब म्हणतात, सूज हाय, दुखणं हाय, कधीकधी क्रोमियमच जास्त साठून राहतं. परत सुई टोचायची गरज न्हाई."

सिद्रामप्पा बाहेर आला. एक वाक्य होतं. नळी मी बदलली, क्रोमिकात धुतली. संपलं. पण त्या वाक्यामागं एकोणतीस वर्षं उभी होती आणि ती सरकायला तयार नव्हती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि नांदेडची एसटी पकडली. पार्वतम्माला म्हणाला, अक्काला डबा देऊन येतो. वाटेत नायगावला गाडी दहा मिनिटं थांबली. लोक उसाचा रस प्यायला उतरले. हा खिडकीशी बसून तेच वाक्य ओठांत फिरवत राहिला. शेजारच्या माणसानं विचारलं, "जप करून राहिलाव का, आप्पा?" तर म्हणाला, "हाव."

दवाखान्याच्या वॉर्डात शिवम्मानं त्याला लांबूनच ओळखलं आणि सगळ्या खाटांना ऐकू जाईल अशी ओळख करून दिली.

"हे आमचे सिद्रामप्पा! ह्यांनीच धरलं माझं दुखणं. लई सोवळं माणूस. दुष्काळात सुदिक नळ्यांना दहा आंघोळी घालणार! मी चेष्टा करायची, पण आता बगा, तेच आलं का न्हाई कामाला?"

"अक्का," तो म्हणाला, "अक्का, थोडं बोलायचं होतं."

"बोला की. चूल अन् पिठाचा डबा झाकला का माझा? पिठाला जाळी लागंल."

तेवढ्यात हाडांचे डॉक्टर फेरीवर आले. शिवम्मानं त्यांनाही तेच सांगितलं. डॉक्टरांनी थांबून सिद्रामप्पाकडे नीट पाहिलं.

"तुम्हीच नमुना भरलात? चांगलं झालं भेटलात. कोबाल्ट जरा कमी वाटलं मला. नमुन्यात काही गडबड नव्हती ना?"

शिवम्मा त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो तिच्या स्वतःच्या भाकरीबद्दलही कधी कुणी पाहिला नव्हता.

"न्हाई साहेब," सिद्रामप्पा म्हणाला.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. डबा उशाशी ठेवून तो बाहेर पडला, स्टँडपर्यंत चालत गेला. ऑटोवाले हाका मारत होते, त्यानं एकालाही ओ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी खुबा उघडला. गोळा जिथल्या तिथं, चकचकीत. घासल्याची खूण नाही, काळं पडलेलं मांस नाही. बाजूचा एक स्नायू सुजला होता, तेवढंच. डॉक्टरांनी परत टाके घातले. पण जखम चिघळली. पू झाला. पुन्हा उघडली, धुतली. तिसऱ्या वेळी तो चांगला गोळा काढून टाकावा लागला. शिवम्मा गणपतीच्या सुमाराला घरी आली तेव्हा एक पाय दोन इंच आखूड होता आणि काखेत कुबड्या होत्या. कुबड्यांवर उभं राहता येतं. पण भाकरी थापायला दोन हात लागतात.

त्या वर्षी पाऊस असा आला की आटलेल्या विहिरी काठोकाठ भरल्या. नळाला धार आली. जिल्हा मात्र काही झाला नाही. डॉक्टरांच्या बोर्डावर मधल्या जागेत पेंटरनं कमळ काढून दिलं. पहाटे गल्लीत शांतता असायची. लोक उशिरा उठायला लागले. सिद्रामप्पा पूजेला बसायचा, तळहात उघडायचा आणि थप-थप ऐकू येण्याची वाट बघत बसायचा. पार्वतम्माला वाटायचं, नवऱ्याचं ध्यान वाढलं.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी त्यानं बरणी उचलली, चुन्याच्या निवळीत ओतून ते ॲसिड निकामी केलं, आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "आता कशाला बोललात, आप्पा?" त्यात राग होता की विनवणी, त्याला कळलं नाही. तिथून तो थेट शिवम्माच्या दारात गेला. ती खुर्चीवर बसून थंड चुलीला पोतेरं फिरवत होती, काठीला फडकं बांधून.

त्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. नळी, क्रोमिक, रिपोर्टची शेवटची ओळ. नांदेडचं 'न्हाई'. गोळा चांगला होता, अक्का. मला ठाऊक होतं.

शिवम्माची काठी थांबली.

"किती पाणी दिलं होतं?"

"तीन."

"दहा देत होताव की तुम्ही."

रांगेतला टोमणा त्यानं सांगितलाच नव्हता, पण तिला तो आठवला. तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसलं. ती एकदा हसल्यासारखी झाली आणि हसू मधेच मोडलं.

"म्हणजे माझ्या जिभेनं माझा पाय नेला म्हणा."

"न्हाई अक्का! तुमची ती चेष्टा होती. त्या वॉर्डात मी तोंड उघडलं असतं तर…"

"हाव," ती म्हणाली. "ते खरं हाय. चेष्टा मी रोज करते. खोटं तुम्ही एकदाच बोललाव, अन् माझ्या खाटेपाशी." मग तिनं काठी चुलीला टेकवून ठेवली. "जावा आता. पार्वतम्माला सांगू नका. ती मला भाकरी आणून देते, तिचा हात थरथरंल."

तो वळला, तेव्हा मागून आवाज आला.

"उद्यापासनं माझा हंडा तुम्ही भरायचा."

तेव्हापासून सकाळी पूजा झाली की सिद्रामप्पा शिवम्माच्या अंगणातल्या नळावर जातो. गल्लीला वाटतं, पुण्य करायलाय. मडिवाळप्पा विचारतो, "काय आप्पा, लॅब सोडून पाणक्या झालाव का?" तो हसतो. शिवम्मा दारात खुर्ची टाकून बसलेली असते, मांडीवर हात ठेवून, कामाविना. हंडा भरायच्या आधी खंगाळायचा, असा तिचा नियम.

"एक," ती म्हणते. तो पाणी ओततो. "दोन."

नळाला पाणी भरपूर आहे. गटारीतून नुसतं वाहत जातं. आठ, नऊ, दहा. दहाव्याला तो हंडा उपडा धरून तिच्याकडे बघतो. पार्वतम्मा समोरून जाता-जाता सवयीनं ओरडते, "अहो, साकु!" पण तो शब्द त्याला जिच्याकडून ऐकायचा आहे, ती गल्लीच्या टोकाकडे बघत असते. तो हंडा सरळ करतो आणि नळाखाली धरतो.